पस्तीस अंशांची ऊब

कोकणातले एक आबा म्हातारपणी मुलाकडे अमेरिकेत राहायला गेले. न्यू जर्सीतलं एक साधं गाव होतं ते. घरापुढे हिरवळ, घरामागे हिरवळ आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याची बाग. गावाकडे आबांची माडा-पोफळींची लहानशी वाडी होती. ती धाकट्या भावाच्या हाती सोपवून ते आले होते. पहिल्याच वसंतात त्यांनी मागच्या अंगणात उभं राहून सगळीकडे नजर फिरवली आणि मुलाला म्हणाले, "एवढी जागा आहे, आणि एक माड नाही?"

मुलगा हसला. "आबा, इथे माड जगायचा नाही. जानेवारीत रात्री शून्याखाली पाच-सात अंश जातं. एखाद्या वाईट रात्री उणे पंधरा."

"मग एवढ्या थंडीत काय जगेल?"

मुलाला ते माहीत नव्हतं. रविवारी सून आबांना एका मोठ्या रोपवाटिकेत घेऊन गेली. तिथे एका कोपऱ्यात चार फुटी पाम उभा होता. पानं पंख्यासारखी, खोडाला तपकिरी काथ्याचं वेष्टण. आबांनी पान हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"हा माड नव्हे," ते म्हणाले. "हा आपल्या ताडाचा लांबचा चुलतभाऊ दिसतो."

रोपवाटिकेतला माणूस जाणता होता. त्याने सांगितलं की हे झाड मूळचं चीनचं. तिकडचे शेतकरी याच्या काथ्याचे दोर वळत, झाडू बांधत, आणि पावसात घालायला त्याचीच इरली करत. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माणसाने १८४९ साली चीनमधून याची रोपं इंग्लंडला पाठवली. ती तिथे उघड्यावर जगली. तेव्हापासून थंड मुलखात पाम लावायचा म्हटलं की आधी याचंच नाव निघतं. मोठं झाड थोडा वेळ उणे बारासुद्धा सोसतं. पण हे अजून लहान होतं.

"हिवाळ्यात याच्याभोवती पेटी करावी लागेल," तो म्हणाला. "आत ऊब द्यावी लागेल. थोडी."

इरली हा शब्द सुनेने सांगितला तेव्हापासून आबांचं लक्ष झाडावरच होतं. शेवटचा शब्द त्यांच्या कानावर पडला, पण मनात राहिला नाही.

झाड दक्षिणेच्या भिंतीजवळ लागलं. आबांनी त्याला आळं केलं. उन्हाळाभर ते रोज सकाळी त्याच्याजवळ उभे राहत. झाडाने पाच नवी पानं काढली. आबांच्या चेहऱ्यावरही थोडं तेज आलं.

शेजारी आबांच्याच वयाचा होता. त्याचे वडील तरुणपणी इटलीहून आले होते, आणि त्यांनी लावलेलं अंजिराचं झाड अजून त्याच्या बागेत होतं. नोव्हेंबरात पानं गळाली तसा तो कुदळ घेऊन झाडापाशी गेला. एका बाजूची मुळं त्याने तोडली. फांद्या दोराने आवळल्या. मग झाडाला हळूहळू वाकवत त्याने ते लांबट चरात आडवं केलं. वर फळ्या टाकल्या, सुका पाला टाकला, माती ओढली. आबा कुंपणावरून बघत होते. हा माणूस जिवंत झाड पुरतो आहे, असं त्यांना वाटलं.

"आत दिवा नाही ठेवत?" त्यांनी विचारलं. आबांचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण दोघा म्हाताऱ्यांना पुरेल इतकं होतं.

"कशाला?" शेजारी म्हणाला. "मी त्याला उबेत ठेवत नाही. थंडीतच ठेवतो. फक्त मरू देत नाही."

आबांनी मान हलवली. पण घरात येताना ते मनाशी म्हणाले, अंजिराचं ठीक आहे. वरचं सगळं गेलं तरी अंजीर मुळातून फुटतं. माडाला एकच शेंडा, पोफळीला एकच, आणि या चुलतभावालाही एकच. शेंडा गेला की झाड गेलं. आपल्याला शेजाऱ्यासारखी जोखीम घेता यायची नाही.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यावरून त्यांनी जे केलं ते मात्र वेगळंच झालं.

मुलाने आणि आबांनी मिळून पेटी केली. लाकडी पट्ट्यांचा सहा फुटी सांगाडा उभा केला आणि त्याला चारही बाजूंनी फोमचे जाड तक्ते ठोकले. बर्फ घसरून पडावा म्हणून वरचं झाकण उतरतं ठेवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर विटा ठेवल्या. झाडाची पानं वर उचलून सुतळीने सैल बांधली. बुंध्याशी फूटभर सुका पाला रचला. मग खोडापासून जरा अंतरावर ख्रिसमसच्या दिव्यांची माळ फिरवली. ती जुन्या धाटणीची होती. नव्या एलईडी दिव्यांत उजेड असतो, ऊब नसते. जुने दिवे तापतात, आणि इथे तोच त्यांचा गुण. एकेक दिवा ७ वॉटचा, माळेत २५ दिवे. एवढ्याशा बंद पेटीला एक माळ पुष्कळ होती.

मुलाने एक प्लगही आणला होता. थंडी ३५ अंशांवर आली की तो दिवे लावायचा आणि ४५ झाले की विझवायचा. तिकडे अंश फॅरनहाइटमध्ये मोजतात.

"पस्तीस म्हणजे आपले किती?" आबांनी विचारलं.

"दीड-पावणेदोन."

"दीड अंश? ही काय ऊब झाली?" आबांनी तो प्लग खणात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी नातीकडून त्यांनी माळ्यावरची आणखी एक माळ काढून घेतली आणि तीही पेटीत लावली. दिवे रात्रंदिवस चालू राहिले.

डिसेंबर आला. मुलगा सकाळी कामावर जाताना सांगून जाई, "आबा, बाहेर पडू नका हं. पायरीवर बर्फ आहे. घसरलात तर?" सून घरातली हीटिंग ७६ वर करून जाई. दाराशी सगळ्यांचे बर्फातले बूट ओळीने असत. आबांचे नव्हते, कारण लागणारच नव्हते. आबा दिवसभर शाल पांघरून मागच्या खिडकीशी बसत. पेटीच्या फटीतून पिवळा उजेड दिसे. तो पाहून त्यांना बरं वाटे. जेवण मात्र कमी झालं होतं. गुडघे आखडले होते. संध्याकाळी सातलाच डोळे मिटत आणि रात्री दोनला टक्क उघडत. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे.

झाडाकडे बघायचं काम नातीकडे होतं. ती शाळेतून आली की झाकण उचलून आत बघे आणि धावत येऊन सांगे. जानेवारीतल्या एका दुपारी ती ओरडतच आली, "आबा, आत उन्हाळा आहे! नवीन पान येतंय!"

आबांचे डोळे पाणावले. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि त्यांचं झाड पान काढत होतं. त्या रात्री ते भावाशी फोनवर बराच वेळ बोलले.

दोन दिवसांनी शेजारी सहज कुंपणाशी आला. नातीने त्यालाही झाकण उचलून दाखवलं. त्याने आत हात घातला, तक्त्यावरून फिरवला आणि ओला झालेला हात बाहेर काढला. वरून दोन थेंब त्याच्या मनगटावर पडले. त्याने खिडकीतल्या आबांकडे पाहिलं आणि नातीला म्हणाला, "आजोबांना सांग, आत उन्हाळा नाही. पाऊस पडतोय."

नातीने निरोप दिला. आबांना त्यात गंमत वाटली, तेवढीच.

फेब्रुवारीच्या मध्यावर एकदा नात झाकण टाकून आली तेव्हा तिच्या लोकरी हातमोज्यांना कसलासा वास होता. ती आबांजवळ बसून चित्र काढू लागली. आबांनी मान वर केली. तिचा हात ओढून त्यांनी मोजा नाकाशी धरला. तो आंबूस, सडका वास त्यांनी कोकणात जन्मभर ओळखलेला होता. श्रावणात सतत पाऊस लागला की एखाद्या माडाच्या शेंड्यात पाणी मुरतं आणि कोंब कुजतो. नारळ उतरवणारा पाडेली वर चढतो आणि वरूनच ओरडतो. मग वेळेत चाकू आणि बोर्डो पोचलं तर माड वाचतो.

आबा उठले. दाराशी मुलाचे बूट होते, ते त्यांनी पायात घातले. शालीवरच कोट चढवला. नात "आबा, आबा" करत मागे आली. पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला, आणि बर्फातून एकेक पाऊल टाकत ते पेटीपाशी पोचले.

झाकण उघडल्यावर तोंडावर वाफ आली. तक्ते आतून ओले होते. दिव्यांनी तापलेली दमट हवा थंड झाकणाला लागत होती, तिचं पाणी होत होतं, आणि ते नेमकं शेंड्यात ठिबकत होतं. जानेवारीत वर आलेलं कोवळं पान पिवळं पडलं होतं. आबांनी ते दोन बोटांत धरलं. जोर लावावाच लागला नाही. पान देठासकट हातात आलं. खालचं टोक तपकिरी, लिबलिबीत झालं होतं.

ते तसेच ते पान धरून उभे राहिले. मग त्यांनी आधी दोन्ही माळांची वायर ओढून काढली.

शेजाऱ्याने खिडकीतून पाहिलं असावं. तो आला, त्याने शेंड्यात बोट घातलं, हुंगलं आणि काही न बोलता परत गेला. आबांना वाटलं, त्याने आशा सोडली. पण तो गॅरेजमधून एक डबा घेऊन आला. डब्यात निळी भुकटी होती. त्याच्या अंगणात द्राक्षाचा वेल होता, आणि त्याचे वडील त्या वेलावर दरवर्षी हीच फवारत. मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या द्राक्षमळ्यांतून १८८० च्या दशकात निघालं आणि जगभर गेलं. इटलीतल्या वेलांवर गेलं आणि कोकणातल्या माडांवरही गेलं. डब्याचं झाकण उघडलं तेव्हा आबांना पहिल्यांदाच परक्या देशात काहीतरी ओळखीचं दिसलं.

"बोर्डो," आबा म्हणाले.

"बोर्दो," शेजारी म्हणाला.

दोघांनी मिळून तासभर काम केलं. आबांनी धारदार चाकूने आणि चमच्याने शेंड्यातला सडका भाग पांढरा, घट्ट गाभा लागेपर्यंत कोरून काढला. शेजाऱ्याने निळी पेस्ट कालवली. ती आबांनी बोटाने आत भरली. पेटीच्या दोन बाजूंचे तक्ते वरून हातभर खाली घेतले, म्हणजे वारा खेळेल. झाकण चार विटांवर उचलून ठेवलं, म्हणजे पाऊस येणार नाही आणि वाफ जाईल. शेवटी आबांनी नातीला खणातला प्लग आणायला सांगितलं.

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा आबा स्वयंपाकघरात बसले होते. नाक लाल, बोटं निळी. मुलगा रागावणार होता. पण आबा जेवत होते. तिसरी पोळी चालू होती, आणि सुनेला ते सांगत होते की मुलाचे बूट त्यांना दोन नंबर मोठे होतात. त्या रात्री ते साडेनऊला झोपले आणि सकाळी सहाला उठले.

मुलगा काही बोलला नाही. शनिवारी दाराशी आणखी एक बुटांची जोडी आली. तळव्यांना बर्फात पकड देणारे दाते होते. त्याने पायरीवर मीठ टाकलं, कठड्याचा सैल खिळा ठोकला, आणि घरातली हीटिंग ६८ वर आणून ठेवली.

झाडाचं मात्र काही कळत नव्हतं. शेंड्याच्या जागी खड्डा होता. मार्च गेला, एप्रिल गेला. पेटी निघाली. शेजाऱ्याने अंजीर मातीतून उचलून उभं केलं. त्याच्या फांद्यांना हिरवी बोंडं आली, तरी आबांचं झाड तसंच राहिलं. बाहेरची पानं हिरवी होती, पण त्यावरून काही ठरत नाही. पामाची जुनी पानं शेंडा मेल्यावरही बरेच दिवस हिरवी राहतात. आबांनी कापलेल्या पानाच्या खुंटावर आणि शेजारच्या देठावर एकाच रेषेत स्केचपेनने खूण केली. आतून काही वर सरकत असेल तर दोन खुणा जुळायच्या नाहीत. रोज सकाळी ते चष्मा लावून बघत. खुणा जुळत.

जूनच्या सुरुवातीला एक दिवस त्या जुळल्या नाहीत. कापलेला खुंट तांदळाच्या दाण्याएवढा वर आला होता.

जुलैत पान उमललं. ते बुटकं होतं, वाकडं होतं, टोकं कातरल्यासारखी होती. नात म्हणाली, "आबा, हे चुकलंय." आबा म्हणाले, "असू दे." त्यानंतरचं पान बरं आलं. सप्टेंबरातलं अगदी नीट आलं.

दुसरा हिवाळा आला. या वेळी पेटी लवकर उभी राहिली नाही. नोव्हेंबरच्या थंड रात्री आबांनी झाडाला उघड्यावर काढू दिल्या. हळूहळू वाढत जाणारी थंडी अंगावर घेतली की असं झाड पुढच्या कडक थंडीला तयार होतं. जे झाड उबेत वाढत राहतं त्याचा कोंब पाणीदार आणि नाजूक राहतो. आबांना हे कुणी पुस्तकातून सांगितलं नाही. शेजाऱ्याचं अंजीर आणि स्वतःचं झाड पाहून त्यांनी ते ताडलं, आणि ते बरोबर होतं. थंडी कडक झाल्यावर पेटी आली, आत एकच माळ आली आणि तिला प्लग आला. ३५ ला लागणारा, ४५ ला विझणारा. दिवसा ऊन असलं की आबा बूट घालून जात आणि झाकण उघडून ठेवत.

पानांच्या कडा करपल्या. दोन पानं अर्धी वाळली. मुलगा म्हणाला, "आबा, गेल्या वर्षी किती हिरवं होतं. दिवे थोडे वाढवू या का?"

"पानं जाऊ देत," आबा म्हणाले. "पानं पुन्हा येतात. शेंडा कोरडा आहे ना, तेवढं बघ."

फेब्रुवारीत हिमवादळ आलं. तारांवर बर्फाचं कवच चढलं, फांद्या मोडल्या आणि गावाची वीज गेली. एक रात्र आणि एक दिवस दिवे आले नाहीत. बाहेर उणे दहा होतं. घरही गारठत गेलं. शेजाऱ्याकडे लाकडाची शेगडी होती, तिच्यासमोर दोन्ही घरं बसली. जाण्याआधी आबांनी पेटीवर जुनी गोधडी टाकली आणि दोरीने आवळली. त्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. मुलाला वाटलं, आबा रात्रभर तळमळतील. आबा शेगडीपुढे शेजाऱ्याशी पत्ते खेळले.

वीज आली तेव्हा पेटी उघडली. बाहेरची तीन पानं गेली होती. आबांनी शेंड्यातलं पान दोन बोटांत धरून ओढलं. ते हललं नाही. पुन्हा ओढलं. घट्ट होतं.

माया करणाऱ्याला ऊब देणं सोपं जातं. देताना त्याला बरं वाटतं, आणि घेणाऱ्यालाही सुरुवातीला बरंच वाटतं. पण किती द्यायची हे देणाऱ्याच्या भीतीने ठरवलं की आत पाणी ठिबकू लागतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. समोरच्याचं नेमकं काय जपायला हवं, हे एकदा पाहून घ्यावं लागतं. बाकीचं त्याचं त्याला सोसू द्यावं लागतं. आबांनी हे झाडाच्या बाबतीत ओळखलं. मुलाने ते आबांच्या बाबतीत ओळखलं, तेही आबांनी एक अक्षर न बोलता.

वसंतात पेटी निघाली आणि शेजारी कुंपणाशी आला. त्याला एक पान हवं होतं. ईस्टरच्या आदल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये झावळ्या घेऊन जातात. वसईकडे ज्याला झावळ्यांचा रविवार म्हणतात, तोच. आबांना तो माहीत होता.

आबांनी झाडाभोवती एक फेरी मारली. एका हिरव्या पानावर शेजाऱ्याची नजर होती. आबांनी मान हलवली. "ते नको. त्यावर झाड जेवतंय." त्यांनी खालचं एक पान कापलं. कडा तपकिरी होत्या, पण मधून अजून हिरवं होतं.

शेजाऱ्याने पान उभं धरून पाहिलं. "चालेल. तिकडे सगळ्यांच्या हातात फ्लोरिडाहून आलेली असतात," तो म्हणाला. "मी म्हणेन, हे आमच्या गल्लीतलं. तुम्ही येता?"

"चालत जाणार असाल तर."

चर्च मैलभर लांब होतं. मुलगा गाडीची किल्ली घेऊन दारात आला होता. दोघं म्हातारे फाटकाबाहेर पडून कोपऱ्यावर वळले तेव्हा त्याने ती पुन्हा खुंटीला अडकवली आणि सुनेला म्हणाला, "जेवायला थांबू नका म्हणालेत. आज तिकडेच पास्ता होणार दिसतोय."